घरामागची चौदा झाडं

आम्ही आमच्या शेतातली वांगी खात नाही. घ्या, सांगून टाकलं. एवढं एक वाक्य तोंडाबाहेर काढायला मला अकरा वर्षं लागली, आणि तेही सुखासुखी निघालं नाही. एरवी माझी जीभ तिखट. नवरा असो, व्यापारी असो, वजनात मारणारा दुकानदार असो, समोरच्याची हजेरी घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण या एका गोष्टीवर माझी दातखीळ बसली होती.

शेत आमचं लहानच, सहा पट्ट्यांचं. सगळीकडे वांगी. वांग्यातली अळी मोठी बेरकी असते. कोवळ्या फळात शिरते, आत बसून निवांत खाते, आणि बाहेर दिसतं ते फक्त मिरीएवढं भोक. तेवढं भोक दिसलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि वांगं खाली ठेवतं. त्याला पाहिजे जांभळं, चकचकीत, तोंड बघून घ्यावं असं. मग काय, फवारा. दोन फवाऱ्यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते बाटलीवर लिहिलेलं असतं, पण आमचे हे म्हणायचे, “अळी काय बाटली वाचून येते?” आणि एकेक दिवस अलीकडे ओढायचे. मीही हसायचे. बोललं छान होतं ना.

घराच्या मागं, मोरीचं पाणी जातं तिथं, चौदा झाडं मात्र वेगळी लावलेली. त्यांच्यावर थेंबभरही मारायचं नाही, हा माझा हुकूम. ती आमची. वांगी भोकाभोकांची, वाकडीतिकडी, पण किडका भाग कापून टाकला की उरलेलं खुशाल पोटात घालायचं. आम्ही दोघं खाऊन खाऊन किती खाणार? उरलेली मी कोंबड्यांपुढं टाकायचे. म्हणजे बघा, आमच्या कोंबड्यांच्या नशिबात जे होतं ते बाजारातल्या एकाही माणसाच्या नशिबात नव्हतं. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असं आमचं सगळं उघड्यावरच चाललं होतं, फक्त कुणाला ते ओळखू येत नव्हतं.

कुणी त्या झाडांचं विचारलंच तर मी म्हणायचे, “ती होय? ती कोंबड्यांची.”

विचारायची ती भिंगरीच. भिंगरी म्हणजे आमच्याकडे तोडणीला येणारी बाई. वयानं माझ्याएवढीच, पण सरीत शिरली की एका हातात कात्री, दुसऱ्यात वांगं, आणि बघता बघता क्रेट भरून पुढं. पोरीबाळींना तिच्या मागं पळावं लागायचं. म्हणून मीच तिचं नाव भिंगरी ठेवलं. तिलाही ते आवडायचं. यांना ती दादा म्हणायची आणि मला वहिनी. “वहिनी, घरामागच्या झाडांकडे जरा बघा की हो,” ती म्हणायची. “दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. भोकंच भोकं नुसती! दादांना म्हणावं, एक पंप मारून टाका.”

“मारतील सवडीनं,” मी म्हणायचे.

फवाऱ्याची आमच्याकडे एक रीत होती. पट्ट्यावर फवारा झाला की त्याच्या तोंडाशी खुंटाला लाल चिंधी बांधायची. घरातला जुना लाल पडदा फाडून मी त्याच्या चिंध्या केल्या होत्या. चिंधी आहे तोवर त्या पट्ट्यात कुणी पाय घालायचा नाही. दिवस भरले की चिंधी सोडायची, मग तोडणी. बांधायचं काम यांचं, सोडायचं माझं. भिंगरीला बाटलीवरचं वाचता येत नव्हतं, आणि ते मुंगीएवढं अक्षर मला तरी चष्म्याशिवाय कुठं दिसतंय! तिचं वाचन म्हणजे चिंधी. नवी बाई कामावर आली की भिंगरी तिला पहिल्याच दिवशी खुंट दाखवायची. “चिंधी नाही म्हणजे वहिनींनी हो म्हटलं. चिंधी आहे तर बापाचं बोलावणं आलं तरी आत जायचं नाही.”

शनिवारी सुटताना मी तिला पिशवीभर वांगी द्यायचे. क्रेटमधली, माझ्या हातानं निवडलेली, एका मापाची, देठाला हिरवीगार. प्रेमानं द्यायचे, त्यात खोट नाही. मला ती मनापासून आवडायची, अजून आवडते. ती पिशवी छातीशी धरायची आणि म्हणायची, “बाजारातली भाजी आम्ही घरात आणतच नाही वहिनी. काय काय मारतात मेले! तुमची आपली घरची.” त्यावर मी काय म्हणायचे? म्हणायचे, “नीट धर, देठाला काटे आहेत.” काट्यांची केवढी काळजी होती मला!

एकदा, फक्त एकदाच, मनात आलं होतं की हिला त्या चौदा झाडांची द्यावीत. मग वाटलं, किडकी दिली तर काय म्हणेल? आणि अशी का दिली म्हणून विचारलं तर काय सांगू? चोराच्या मनात चांदणं. तेव्हा गप्प बसले ती बसलेच.

तर त्या दिवशी सकाळी सहाला आमच्या व्यापाऱ्याचा फोन आला. त्याला आम्ही आपसात ‘आत्ताच’ म्हणतो, कारण त्याला जगातली प्रत्येक गोष्ट आत्ताच लागते. त्याला माल देणारं दुसरं कुणीतरी ऐन वेळी फिरलं होतं. “पंधरा क्रेट. दहाला टेम्पो पाठवतो. जमत नसेल तर तसं सांगा, मी पुढच्या खेपेपासून दुसरं दार बघतो.” मी एरवी त्याला दोन शब्द ऐकवले असते. त्या दिवशी म्हटलं, “पाठवा.”

तोडायच्या बेताला आलेला पट्टा एकच होता, विहिरीकडचा. आणि त्याच्यावर यांनी आदल्या संध्याकाळीच फवारा मारून चिंधी बांधली होती. हे पंपाचा कसलासा भाग आणायला उजाडताच बाहेर पडले होते. फोन करून विचारता आलं असतं. नाही विचारलं. हे ‘नको’ म्हणाले असते तर व्यापारी गेला असता, आणि ‘हो’ म्हणाले असते तर पाप दोघांचं झालं असतं. मला वाटलं, मधल्या मध्ये उरकून टाकावं.

मी गेले आणि चिंधी सोडली. दवानं गाठ आवळली होती, नखाला दाद देईना, ओढून ओढून काढली. मग घरी येऊन मोरीवर साबण लावून हात धुतले. वास घेतला. पुन्हा धुतले. पदराला हात पुसतच होते तेवढ्यात भिंगरी आली.

“कुठला पट्टा, वहिनी?”

“विहिरीकडचा. दहापर्यंत पंधरा क्रेट व्हायला हवेत.”

“होतील की!” म्हणाली आणि गेलीसुद्धा. माझे हात अजून ओले होते. दोनदा साबण कशासाठी लावला, हे मी त्या क्षणी स्वतःला विचारलं नाही. एवढी शहाणी बाई मी, पण नाहीच विचारलं.

वांग्याची पानं रुंद आणि केसाळ असतात, दव धरून ठेवतात. सरीतून नुसतं चाललं तरी माणूस कमरेपर्यंत भिजतं. भिंगरी कामावर जुना, लांब बाह्यांचा शर्ट घालायची, तो नऊ वाजेपर्यंत चिंब झाला असणार. देठांचे काटे तर रोजच टोचायचे, बोटांना चिरा पडलेल्याच असायच्या. तोडणी ती एकटीच करत होती, कारण घाईच्या कामाला तिच्या हाताची सर कुणाला नव्हती. बाकीच्या दोघी शेडमध्ये वांगी पुसत होत्या. मी पण तिथंच पुसत होते, हातमोजे घालून.

साडेनऊच्या सुमारास एक जण रिकामं क्रेट द्यायला गेली आणि तशीच पळत परत आली. “भिंगरीताई बांधावर बसल्यात. उठतच नाहीत.”

मी धावले. भिंगरी गुडघ्यांवर डोकं टेकून बसली होती. घामानं निथळत होती, तोंडातून लाळ गळत होती, नाकाडोळ्यांतून पाणी. मला बघितल्याबरोबर उठायला गेली. “दोनच क्रेट राहिलेत वहिनी. जरा बसते नि उरकते.” एवढं म्हणून तिला भडाभडा उलटी झाली. मी तिचा दंड धरला, तर कातडीखालचं मांस आपोआप फडफडत होतं. काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. कुणी मला सांगायची गरज नव्हती.

टेम्पो दारात आलेलाच होता. तेरा क्रेट मागं चढले होते. आम्ही भिंगरीला पुढच्या सीटवर मध्ये बसवलं आणि मी तिचं डोकं खांद्याशी धरून बसले. दवाखाना बाजाराच्याच रस्त्यावर आहे. दारात उतरल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, “बाई, मी निघू का? शेठ सारखा फोन करतायत.”

तेव्हा मला म्हणता आलं असतं, थांब, आधी हे क्रेट खाली उतरव. ज्या पानांनी या बाईची ही गत केली, त्याच पानांखालची वांगी होती ती. नुसती फडक्यानं पुसलेली. मी म्हटलं, “निघ.” एवढंच. दुपारपर्यंत ती कुणाकुणाच्या विळीवर गेली असतील, कुणाच्या पोरांच्या ताटात पडली असतील. ती तोंडं मी पाहिली नाहीत, म्हणून मला जेवण तरी जातंय.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, “काय झालं? काय खाल्लं यांनी?”

“शिळंबिळं काहीतरी असेल,” मी म्हटलं.

माझी जीभ बघा कशी चालली! भिंगरी तिथं लोळागोळा होऊन पडलीय आणि मी तिच्याच डब्यावर आळ घेतेय. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई वळून माझ्याकडे बघायला लागल्या. “शेतात काम करतात ना? फवारा कधी मारला होता?”

“आठवडा झाला.”

“नक्की? लक्षणं फवाऱ्याचीच दिसतायत, पण आठवड्यापूर्वीच्या फवाऱ्यानं माणूस असं एकाएकी कोसळायला नको. तसं असेल तर मला दुसरं काहीतरी शोधायला हवं, मोठ्या दवाखान्यात पाठवायला हवं. तिथं पोचायला दोन तास. तोवर...” पुढचं त्या बोलल्या नाहीत.

आणि तेवढ्यात खाटेवरून भिंगरी बोलली. जीभ जड झाली होती, लाळ आवरत नव्हती, तरी बोलली. “चिंधी नव्हती, डॉक्टरीणबाई. मी बघूनच शिरले. वहिनींनी चिंधी सोडली म्हणजे शेत साफ. अकरा वर्षांत त्यांची एकदाही चूक नाही.”

धरणी दुभंगावी असं म्हणतात ते मी गोष्टींतच ऐकलं होतं. ती माझी बाजू घेत होती. श्वास पुरत नव्हता तिला, आणि जो होता तो माझ्यासाठी खर्च करत होती. मी डॉक्टरीणबाईंचा हात धरला आणि त्यांना दाराबाहेर व्हरांड्यात ओढत नेलं. भिंतीला पाठ लावून, इकडेतिकडे बघून, हळूच म्हटलं, “काल संध्याकाळी. फवारा काल संध्याकाळी मारलाय.”

“मग हे आत सांगायला काय झालं होतं?” त्या केवढ्यानं ओरडल्या. “औषधाचं नाव सांगा, लवकर!”

मी यांना फोन लावला. हे परतीच्या वाटेवर, घराजवळच होते. घरी पोचले, बाटली शोधली आणि एकेक अक्षर जोडत नाव वाचायला लागले. ज्या बाटलीचं पाणी वर्षानुवर्षं पाठीवर घेऊन हे हिंडत होते, तिचं नाव यांना धड उच्चारता येत नव्हतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी फोन माझ्या हातातून हिसकावून घेतला. मग इंजेक्शनं सुरू झाली, एकामागून एक. नर्सनं तिचे भिजलेले कपडे काढून पिशवीत बांधले आणि तिला साबणानं डोक्यापासून पायापर्यंत पुसून काढलं. तेवढं तरी मला बांधावरच सुचायला हवं होतं. साबण लावायची अक्कल मला स्वतःच्या हातांपुरतीच होती.

पहिले दोन दिवस कठीण गेले. मग ती सावरली. सहा दिवस मी रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या उशाशी बसले, डबा नेला, पाय दाबले. ती नर्सला कौतुकानं सांगायची, “सख्खी भावजय करणार नाही एवढं करतायत बघा.” मी खिडकीबाहेर बघायचे. यांना सगळं सांगितलं तेव्हा हे म्हणाले, “झालं ते झालं. आता कुठं बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची.” मी यांच्यावर खेकसले नाही. मला तेच ऐकायचं होतं.

तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, भिंगरी शेतावर आली. कामाला येता येईल का ते बघायला. मी शेडमध्ये तिच्यासाठी खुर्ची टाकली. ती खुर्चीवर बसायला तयार होईना, मग बळंच बसवली. कात्री हातात घेऊन तिनं एका वांग्याचा देठ कापायचा प्रयत्न केला. हात एवढा थरथरत होता की कात्री भलतीकडेच जायची. तिनं दोनदा करून बघितलं. मग कात्री माझ्या हातात दिली आणि हसली. “आता मला भोवरा म्हणा वहिनी. थांबायच्या आधी डुलतो तसला.”

“डॉक्टरीणबाई म्हणाल्यात ना, हळूहळू कमी होईल.”

“होईल हो. शेजारणी काहीबाही बोलतात, तुझ्या मालकिणीनं विष पाजलं म्हणून. मी सोडते होय? चांगली तासली एकेकीला.”

मला काहीतरी करावं, काहीतरी द्यावं असं झालं. क्रेट समोरच होते, चकचकीत वांग्यांनी भरलेले. त्यांना हात लावायचा धीर झाला नाही. मी तिची पिशवी उचलली, घराच्या मागं गेले आणि त्या चौदा झाडांवरची वांगी तोडून पिशवी काठोकाठ भरली. एकही झाड सोडलं नाही. खरं सांगते, तोडताना मला बरं वाटत होतं. अकरा वर्षांचं एकदाचं फेडतेय असं वाटत होतं. अकलेचे दिवे!

मी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं सवयीनं छातीशी धरली आणि आत डोकावली. एक वांगं बाहेर काढलं, फिरवून बघितलं. भोक. दुसरं काढलं. त्यालाही भोक. तिसरं वाकडं. तिचा चेहरा उतरत उतरत गेला.

“वहिनी,” ती म्हणाली, “ही तर कोंबड्यांची.”

मी पदराला हात पुसत राहिले.

“अकरा वर्षं निवडून निवडून चांगली दिलीत. आता हात चालत नाही, तर कोंबड्यांपुढची?” तिनं हातातलं वांगं माझ्यापुढं धरलं. “मी मागायला नव्हते आले. नसती दिलीत तरी चाललं असतं. पण अशी...”

आता काय करू सांगा. तिला वाटत होतं मी तिचा अपमान केला. चांगलं ते दिलं आणि तेच तिला कमीपणाचं वाटलं, कारण वाईट कुठलं ते मी तिला कधी कळूच दिलं नव्हतं. गप्प राहिले असते तर ती एवढंच मनात धरून गेली असती, की मालकीण उतल्या-मातल्यासारखी वागली. तेही परवडलं असतं मला. पण तिचे डोळे भरून आले होते, आणि मला ते बघवेना.

“कोंबड्यांची नाहीत ती,” मी म्हटलं. “आमची आहेत. आम्ही घरात तीच खातो. त्यांच्यावर काही मारत नाही.”

तिला पटकन उमगलं नाही. मग तिची नजर क्रेटकडे गेली, तिथून हातातल्या किडक्या वांग्याकडे आली, आणि पुन्हा क्रेटकडे गेली.

“आणि ती?”

“ती बाजारात जातात.”

“ती तुम्ही खात नाही?”

“नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही.”

शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं, ते एक बरं होतं. तिनं पिशवी मांडीवर सरळ केली. मग विचारलं, “सून पोटुशी होती तेव्हा तुम्ही दर शनिवारी दोन-दोन पिशव्या द्यायचात. म्हणायचात, तिला खाऊ घाल.”

“हो.”

“त्या कुठल्या?”

“क्रेटमधल्या.”

“आणि नातीला दात येऊ लागले, तिला उकडून कुस्करून भरवायचे मी. तेव्हा?”

“क्रेटमधल्याच.”

एकदा बांध फुटला की पाणी थोडंच थांबतं! मी म्हटलं, सगळंच सांगून मोकळं व्हावं. “आणि ती चिंधी, भिंगरी. ती मी दिवस भरायच्या आधीच सोडली होती. फवारा आदल्या संध्याकाळचा होता. व्यापाऱ्याची घाई होती म्हणून...”

“ते मला ठाऊक आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“व्हरांड्यात बोललात ना डॉक्टरीणबाईंशी. दार उघडंच होतं. मी सगळं ऐकलं.” ती शांतपणे बोलत होती, रागावून नाही. रागावली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं, रागाची मला सवय आहे. “मनात म्हटलं, घाई झाली असेल. माणूस आहे, चुकतं. शेवटी सांगितलं तर खरं, म्हणून मी वाचले. म्हणून तर शेजारणींशी भांडले. घाईत कुणाचंही चुकतं, वहिनी. पण अकरा वर्षं कुणाला घाई असते?”

मी मान खाली घातली. माझ्या हातात तिनं दिलेली कात्री होती, ती मी उघडत होते आणि मिटत होते. लाज वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. आत्ताही सांगताना कानशिलं तापलीयत.

ती खुर्चीच्या पाठीला धरून उठली. मला वाटलं, पिशवी इथंच टाकून जाईल. टाकली असती तर हलकं वाटलं असतं मला. तिनं टाकली नाही. बाहेर काढलेली तिन्ही वांगी एकेक करून परत पिशवीत घातली. हात थरथरत असल्यामुळे त्याला वेळ लागला, आणि मदत करायला मी हात पुढं केला तर तिनं पिशवी जराशी बाजूला घेतली.

“नातीला होतील,” ती म्हणाली. मग पायात चपला सरकवल्या. “येते मालकीणबाई.”

अकरा वर्षं मी वहिनी होते. तिला थांबवावं म्हणून मी शेडच्या दारात आले, पण हाक कुठल्या नावानं मारायची तेच कळेना. भिंगरी म्हणावं, तर ती एका हातानं कुंपणाची तार धरून, दर चार पावलांनी थांबत चालली होती.